ऑक्टोबरातली सफरचंदाची फुलं

माझ्या मुलीनं अमेरिकेतून मला एक खोटा फोटो पाठवला. तो खोटा आहे हे मला अर्ध्या तासात कळलं. आणि कळूनसुद्धा मी तिला उत्तर पाठवलं, ‘वा! सुंदर!’ वर एक लाल बदाम चिकटवला. त्या बदामाची मला अजून लाज वाटते, म्हणून हे लिहायला बसलोय.

शुक्रवार होता, सुट्टीचा दिवस. बायको नर्स आहे, ती ड्यूटीवर गेली होती. मी कुवेतला, अबू हलीफाच्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीपाशी चहा घेऊन बसलो होतो आणि फोन टुणकन वाजला. फोटोत एक जुनं लाकडी पोस्ट ऑफिस होतं, त्याच्या मागं सफरचंदाचं झाड, पांढऱ्या-गुलाबी फुलांनी नुसतं लगडलेलं. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, ‘काल जाऊन आले, बाबा. तुमच्या यादीतलं पहिलं ठिकाण.’ पोरगी कुवेतमध्ये वाढलेली. मराठी सगळी समजते, पण उत्तर इंग्रजीतच येतं.

ही यादी काय भानगड आहे, ते आधी सांगायला हवं.

मी रत्नागिरीकडचा. आयटीआय करून सव्वीस वर्षांपूर्वी एसी दुरुस्तीच्या कामावर इथं आलो. तेव्हा जहराला एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो, सगळे कोकणातले, सगळे सडेफटिंग. आमचा साहेब एकदा मला एका अमेरिकन मास्तराच्या घरी एसी उतरवायला घेऊन गेला. मास्तर कुवेत सोडून चालला होता. इथं माणूस देश सोडतो तेव्हा नेता येत नाही ते सामान खाली कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवून देतो, ज्याला हवं तो उचलतो. लोकांनी गादी उचलली, पंखा उचलला, कुणी इस्त्रीचं टेबल नेलं. मी पुस्तकांचा खोका उचलला. खोलीवर आल्यावर पाचही जण हसले. “अरे येड्या, टोस्टर होता तिथं!”

बारावीला इंग्रजीत काठावर पास झालेला माणूस मी. शब्दकोश घेऊन बसलो. पहिलं पुस्तक संपायला आठ महिने लागले. पण त्या आठ महिन्यांत मी जहरातल्या त्या खोलीतून पार निघून गेलो होतो, हे मात्र खरं. त्या खोक्यात कादंबऱ्या होत्या, प्रवासवर्णनं होती, आणि एक कवितांचं पातळ पुस्तक होतं. लिहिणारी बाई एका तलावाकाठच्या गावात पोस्ट सांभाळायची. दुसरं काही नाही, पोस्टाच्या मागच्या खिडकीतून दिसेल तेवढंच तिनं लिहिलंय. थंडीत तलाव गोठतो, मे महिन्यात सफरचंदाला फुलं येतात, ऑक्टोबरात खाली पडून कुजलेली फळं ती झाडूनं लोटते आणि मग टपालाची खिडकी उघडते. मला ती बाई फार आवडली. आमच्या गावचा पोस्टमास्तरही अंगण झाडूनच खिडकी उघडायचा.

तेव्हापासून मला जे वेड लागलं ते लागलंच. दर शुक्रवारी जुन्या बाजारात जाऊन गोऱ्या मास्तरांची टाकून दिलेली पुस्तकं शोधायची. आता मी मिरकाबच्या एका ऑफिसात देखभालीचं काम बघतो, घरात पुस्तकांची चार कपाटं आहेत, भिंतीवर अमेरिकेचा नकाशा आहे आणि त्यात टाचण्या टोचलेल्या आहेत. कुठल्या नदीवर कुठला पूल, कुठल्या गावाहून कुठल्या गावाला रात्रीची बस होती, हे मला विचारा. अमेरिकेत मी एकदाही गेलेलो नाही. बायको म्हणते, “ह्यांना तिथले सगळे रस्ते पाठ आहेत, फक्त इथं दुकानात धाडलं की वाट चुकतात.” म्हणू दे.

मुलीला मी झोपवताना गोष्टी सांगितल्या त्या ह्याच पुस्तकांतल्या. पोस्टातल्या त्या बाईची ती फुलांची आणि झाडूची कविता मी माझ्या मोडक्यातोडक्या मराठीत करून तिला म्हणून दाखवायचो. पोर चार वर्षांची असेल. तिनं विचारलं होतं, “बाबा, सफरचंद झाडाला लागतं?” तिनं तोवर सफरचंद बघितलं होतं ते सुपरमार्केटात, स्टिकर लावलेलं. नंतर तिला ती अख्खी कविता पाठ झाली. पाहुणे आले की मी म्हणायला लावायचो. पुढं मोठी झाली, कानात वायरी घालून बसायला लागली. मी म्हटलं, विसरली असेल.

बारावी झाल्यावर तिला पुण्याला जायचं होतं. चित्रकला, डिझाईन असलं काहीतरी शिकायचं होतं, तिची मैत्रीणही तिकडेच चालली होती. आणि त्याच सुमारास अमेरिकेतल्या एका कॉलेजची शिष्यवृत्ती तिला मिळाली. तिनं अर्ज भरला होता तोही माझ्या आग्रहावरून, मी शेजारी बसून. पत्र आलं तेव्हा मी घरभर नाचलो. ती म्हणाली, “बाबा, मला नक्की माहीत नाही.” मी म्हटलं, “पुणं काय पळून जातंय?” बायको गप्प होती. तिच्या गप्प बसण्याकडे मी कधी लक्ष दिलंय म्हणा.

ऑगस्टमध्ये विमानतळावर मी तिच्या हातात एक निळी वही ठेवली. त्यात चौदा ठिकाणं लिहिली होती, प्रत्येकापुढं कुठल्या पुस्तकात ते येतं, कसं जायचं, तिथं काय बघायचं. पहिलं ठिकाण ते पोस्ट ऑफिस. तिच्या कॉलेजपासून बसनं चार तास. इतर बाप लेकींना लोणचं देतात, औषधं देतात. मी वही दिली आणि वर सांगितलं, “एकेक बघत जा आणि फोटो पाठव. मी तुझ्या डोळ्यांनी बघीन.” केवढा मोठा वाटला होता मला माझाच तो डायलॉग! कप्पाळ माझं.

त्यानंतर दर शुक्रवारी फोनवर मी तिला एकच प्रश्न विचारायचो. “गेलीस का कुठं?” ती म्हणायची, “अजून नाही.” मी म्हणायचो, “अगं, बर्फ पडायच्या आत उरक.” पाच-सहा शुक्रवार असे गेले. मधल्या काळात तिनं व्हिडिओ लावणं बंद केलं होतं. कॅमेरा बिघडलाय म्हणाली. बायको म्हणाली, “अहो, फोन नवा कोरा घेऊन दिलाय. कॅमेरा कसा बिघडेल?” मी म्हटलं, “पडला असेल.” “आवाज कसातरीच येतो तिचा.” “नेटवर्क असतं.” माझ्याकडे प्रत्येकाला उत्तर तयार होतं.

आणि मग तो फोटो आला.

आधी मी खूश झालो. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. मग जरा वेळानं मनात काहीतरी टोचायला लागलं. उठलो, कपाटातून ते पातळ पुस्तक काढलं. पानं उलटली. मे महिना, फुलं. ऑक्टोबर, पडलेली फळं, गांधीलमाश्या, झाडू. कॅलेंडर बघितलं. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. फोटोत लांब कोपऱ्यात कुणीतरी बाई उभी होती, ती तर अर्ध्या बाह्यांत.

म्हणजे पोरगी गेलीच नव्हती. कुठूनतरी इंटरनेटवरनं उचललेला फोटो.

माझ्या मनात पहिलं काय आलं, ते सांगतो. पहिल्यांदा हसू आलं. म्हटलं, कुवेतमध्ये वाढलेलं पोर! इथं ऋतू दोनच, उन्हाळा आणि कमी उन्हाळा. झाडाला बहर कधी येतो हे हिला कुठून कळणार? आणि आपण कसं पकडलं बघा, असा एक फुकटचा गर्वही वाटला. मग हसू गेलं. कारण हे सोंग माझ्या ओळखीचं होतं. चोराची पावलं चोराला ठाऊक.

जहराच्या त्या खोलीत खिळ्याला एक शर्ट टांगलेला असायचा. फिकट निळा, कडक इस्त्रीचा. आमच्यातला एक दापोलीकडचा मुसलमान शिंपी होता, त्यानं तो शिवला होता, आणि आम्ही सहाही जण त्याला फोटोचा शर्ट म्हणायचो. घरी फोटो पाठवायचा असला की तो घालायचा, बाहेर उभ्या असलेल्या कुणाच्यातरी पांढऱ्या गाडीला टेकून उभं राहायचं. शर्ट होता शिंप्याच्या मापाचा, तो अंगानं माझ्या दुप्पट. म्हणून माझ्या पाठीमागं कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. पुढून एकदम साहेब, मागून वाळत घातलेलं धुणं. त्या पहिल्या वर्षी उन्हात गच्चीवर काम करून मला दोनदा चक्कर आली होती, एकदा तर सलाईन लागलं होतं. आईला फोनवर सांगितलं, मजेत आहे. सगळेच तसं सांगायचे. घरी वाईट कळवायचं नाही, हा त्या खोलीचा नियम होता, कुणी न लिहिलेला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

म्हणजे ‘मजेत आहे’ असं सांगणारा फोटो कधी पाठवतात, हे जगात कुणाला कळत असेल तर मला. मग मी काय करायला हवं होतं? फोन उचलायला हवा होता. मी पुस्तक कपाटात परत ठेवलं आणि तिला बदाम पाठवला.

बायको संध्याकाळी आली. तिला फोटो दाखवला. ती म्हणाली, “ती कुठाय ह्यात?” मी म्हटलं, “तीच काढतेय ना फोटो!” बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि डबा घासायला घेतला.

आठवड्यानं दुसरा फोटो आला. यादीतलं दुसरं ठिकाण, एक जुना बस थांबा, बाहेर लाकडी बाक. ह्या वेळी मी पुस्तक उघडलंच नाही. वा, छान, असं लिहिलं. उघडलं असतं तर कळलं असतं, म्हणून नाही उघडलं. एवढा पुस्तकवेडा माणूस मी, आणि त्या दिवसांत मला माझ्याच कपाटांची भीती वाटायला लागली होती. जेवण जाईना. ऑफिसात एका पोरावर उगाच खेकसलो. बायकोशी बोलायला गेलो की शब्द तिसरीकडेच जायचे.

सोमवारी दुपारी ऑफिसातून लवकर सुटलो आणि घरी येऊन गावाला आईला फोन लावला. आईला ऐंशी होत आली. कान शाबूत आहेत, जीभ त्याहून शाबूत. तिनं नेहमीसारखं विचारलं, “जेवलास काय?” मग विचारलं, “पोर कशी हाय?”

मी म्हटलं, “मजेत आहे. फोटो पाठवते.”

आई हसली. “तूव पाठवायचास.”

मला कळेना ही काय म्हणते. ती म्हणाली, “तो निळा सदरा. तुझा नव्हता तो.”

“तुला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला होवा? खांद्याजवळ चिमट्याचा टोक दिसत होता, लाकडाचा. कपड्याला लावतात तो. मी काय आंधळी हाय?”

सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षं ती बाई ते चिमट्याचं टोक मनात घेऊन बसली होती आणि मी तिला दर फोनला मजेत आहे म्हणून सांगत होतो. मी जरा चिडूनच म्हटलं, “मग विचारलं का नाहीस तेव्हा? मी तिकडे सलाईनवर होतो!”

तिच्या मागं कोंबड्यांचा आवाज येत होता. मग ती सरळ म्हणाली, “इचारला असता तर तू परत आला असतास, बाबा. घराचा स्लॅब अर्धा होता तवा. मी भ्याले. रोज देवाजवळ बसून रडायचे, पण इचारला नाय.” आणि मग, “चुकला माझा ता.”

समोर भिंतीवर नकाशा होता, त्यात चौदा लाल टाचण्या. आईचा निदान स्लॅब होता, डोक्यावर छप्पर होतं. माझं काय होतं? टाचण्या! पोरगी परत आली तर माझी अमेरिका संपणार, म्हणून मी गप्प बसलो होतो. हे मी त्या क्षणापर्यंत स्वतःशीही बोललो नव्हतो. आईला म्हटलं, “ठेव गं, नंतर करतो.”

घड्याळात चार वाजले होते. तिकडे सकाळचे आठ. शुक्रवार नव्हता. आमच्याकडे शुक्रवारशिवाय फोन म्हणजे काहीतरी अशुभ, पण लावला. बराच वेळ वाजला. दोनदा कट झाला. तिसऱ्यांदा तिनं उचलला.

“बाबा? काय झालं? आजी बरी आहे ना?”

मी आधी काही जुळवलं असतं तर बरं, पण काही जुळवलंच नव्हतं. तोंडातून निघून गेलं, “सफरचंदाला ऑक्टोबरात फुलं येत नाहीत.”

मग तिचा आवाज आला, मराठीत, अगदी हळू.

“मला माहितेय.”

“म्हणजे?”

“ती कविता मला पाठ आहे, बाबा. तुम्हीच शिकवलीत. मे महिन्यात फुलं, ऑक्टोबरला झाडू.” ती थांबली. तिला मराठी शब्द शोधावे लागत होते, पण ती इंग्रजीत गेली नाही. “मी मुद्दाम फुलांचा फोटो शोधला. मला सांगता येत नव्हतं. तुम्ही फक्त कुठं गेलीस एवढंच विचारता. मला वाटलं, फोटो बघाल, मग पुस्तक काढाल. तुम्ही पुस्तक काढणारच. आणि लगेच फोन कराल.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मी त्या दिवशी फोन हातात घेऊन बसले होते,” ती म्हणाली. “तुम्ही हार्ट पाठवलंत.”

मी जमिनीवरच बसलो, कपाटाला पाठ लावून. मग ती बोलत गेली, मध्येच रडत, मध्येच नाक पुसत. तीन आठवडे वर्गात गेली नव्हती. पडदा उघडत नव्हती. सुरुवातीला गेली, पण कुणाशी बोलताच येईना. जेवणाच्या हॉलमध्ये एकटीनं ताट घेऊन जायची लाज वाटायची, म्हणून बिस्किटं खायची. निळी वही गादीखाली ठेवली होती, दिसली की धडधडायला लागायचं. “तुम्हाला एवढं आवडतं सगळं,” ती म्हणाली, “मला वाटायचं मला का नाही आवडत? माझ्यातच काहीतरी वाईट आहे.”

“नाही गं बाय, नाही,” मी म्हणत होतो. दुसरं काही सुचत नव्हतं. “आज काय खाल्लंस?”

“काही नाही.”

“खोलीत काय आहे?”

“बिस्किटं.”

“मग ती खा आधी. मी आहे फोनवर.” पुड्याचा कागद वाजला. ती खात होती ते मला ऐकू येत होतं. तिच्या जन्मात मी तिला पुस्तकातलं सोडून काही विचारलं असेल तर ते बहुधा हेच.

बायको दारात येऊन उभी होती. ड्यूटीचे कपडे अंगावर, पर्स खांद्याला तशीच. तिला काही सांगावं लागलं नाही. ती येऊन माझ्याशेजारी जमिनीवर बसली आणि फोनला कान लावला.

मग पोरीनं विचारलं, “मी परत येऊ का?”

मी ‘ये’ म्हटलं. हे मी सगळ्यांना सांगतो, आणि ते खरं आहे. पोरीचं ठरलं तेव्हाच बायकोचाही व्हिसा काढून ठेवला होता, म्हणून पुढच्या बुधवारी ती तिकडे जायला निघाली आणि महिन्याभरात पोरीला घेऊन आली. आता पोरगी आतल्या खोलीत झोपलीय. दुपारी उठते, थोडं खाते, आईशी बोलते. पुण्याचा विषय मी काढत नाही. तिनं काढला तर काढेल. भिंतीवरच्या टाचण्या मी उपटून टाकल्या, पण भोकं तशीच आहेत, तिथून जाताना ती बघते.

पण त्या दिवशी तिच्या प्रश्नात आणि माझ्या ‘ये’मध्ये थोडा वेळ गेला होता. मी काही बोलायच्या आत बायकोनं फोन माझ्या हातातून ओढून घेतला होता आणि “ये, आत्ताच्या आत्ता ये,” असं ती म्हणाली होती. मी म्हटलं ते तिच्यामागून. पलीकडे ते कसं ऐकू गेलं, पोरीनं आधी कुणाचा आवाज ऐकला, हे तिला विचारायचं आहे. अजून विचारलेलं नाही.